पंगतीत बसवलेली गाडी

मित्रांनो, जवळ या, पण माझं दार उघडू नका. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे आणि ती भारी तापट आहे. मी एक जुनी लाल मोटार. जन्माने जपानी, वाढीने सांगलीकर, आणि आता कोरेगावच्या बाजूला एका गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या शेजारी पडून असलेली. या गावात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे. खरी गोष्ट मी आज सांगणार आहे, आणि सांगताना आवाज चढला तर समजून घ्या. ज्याचा घात झाला त्याचा आवाज चढतोच.

आधी माझ्या पोटातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. इतर गाड्यांच्या इंजिनात पिस्टन असतात. ते उखळातल्या मुसळासारखे दिवसभर वर-खाली होतात. माझ्या इंजिनात पिस्टनच नाही. त्याऐवजी तीन कोनांचे दोन जाड रोटर आहेत आणि ते एका लांबट पोकळीत गरगर फिरतात. प्रत्येक कोनावर धातूची एक बारीक पट्टी बसवलेली असते, तिला सील म्हणतात. ती सील भिंतीला घासत फिरते. घासणाऱ्या वस्तूला वंगण हवंच. म्हणून मला घडवणाऱ्यांनी अशी सोय केली की एका छोट्या पंपाने इंजिनातलंच थोडं थोडं तेल त्या सीलवर सोडायचं, आणि सील ओली करून ते तेल पेट्रोलबरोबर जळून जायचं. म्हणजे मी तेल खाते. तो माझा रोग नाही, तो माझा आहार आहे.

फक्त जे तेल जळणार, ते स्वच्छ जळलं पाहिजे. त्याची राख उरली तर ती सीलच्या खाचेत बसते, सील जागच्या जागी अडकते, आणि मग इंजिनाचा दम निघून जातो. अशा वेळी वरून कितीही पॉलिश मारा, उपयोग नाही. आत श्वासच उरलेला नसतो.

मला हे सगळं समजून घेणारा एक माणूस भेटला होता. त्याचं नाव भरतेश. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या, हळदीचा व्यापार करणाऱ्या धरणेंद्रअण्णांचा तो मुलगा. जपानमध्ये नोकरीला असताना त्याने मला जुन्या गाड्यांच्या बाजारातून उचललं, आणि परत येताना कागदपत्रांच्या शंभर भानगडी निस्तरून बोटीने सोबत आणलं. मी पहिल्यांदा गावभागातल्या गल्लीत शिरले तेव्हा अण्णांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, की मागं बसायला जागा एवढीशी, मग हिच्यात हळदीचं पोतं कुठं ठेवायचं. भरतेश हसला. मीही हसले, पण गाडीचं हसणं कुणाला दिसत नाही.

पहिला प्रश्न तेलाचाच आला. जपानच्या थंडीत मला पातळ तेल चालायचं. सांगलीच्या वैशाखात तेच तेल पाण्यासारखं होऊ लागलं. भरतेश दुकानात गेला तर दुकानदाराने सगळ्यात महागडा डबा पुढे केला. म्हणाला, हे विमानातसुद्धा चालेल. दुसरा कुणी असता तर तो डबा घेऊन ऐटीत घरी आला असता. पण भरतेश हळदीच्या व्यापाऱ्याचा पोरगा. हळकुंड पिवळंधमक दिसतं म्हणून ते चांगलंच असतं असं नाही, हे तो लहानपणापासून बघत आलेला. त्याने चार-पाच तऱ्हांची तेलं थोडी थोडी आणली, आईच्या देवघरातल्या जादाच्या पणत्या मागून घेतल्या, आणि गच्चीवर ओळीने मांडून त्यांत वाती पेटवल्या.

त्याची आई गुणमालाबाई जिन्यावरूनच ओरडल्या, "दिवस मावळायच्या आत विझव बाबा त्या. किडा-मुंगी पडंल त्यात, पाप लागंल." जैनाच्या घरातली ती रीत. भरतेश मुकाट्याने हो म्हणाला आणि पणत्यांसमोर मांडी घालून बसला. एकेक पणती जळून संपली की तो तळाला काय उरलं ते बघायचा. महागड्या तेलाचा तळाशी तांबूस थर बसला. ट्रॅक्टरच्या तेलाची तर करडी राख उरली. एक साधंसुधं, पेट्रोलच्या जुन्या गाड्यांचं खनिज तेल मात्र जवळपास काही न ठेवता जळून गेलं. पणतीवरची परीक्षा म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने जपानमधल्या आपल्या जुन्या मिस्त्रीलाही विचारलं. त्यानेही तेच सांगितलं. उन्हाळा बघून एक पायरी जाड घे, पण साधं घे, आणि ट्रॅक्टरचं कधीही नको.

असं माझं तेल ठरलं. लग्नासाठी मुलगी बघतानाही इतकी चौकशी होत नसेल. मला फार बरं वाटलं होतं.

नंतरची वर्षं सुखाची गेली. भरतेश पेट्रोल भरायला थांबला की आधी बॉनेट उघडायचा, तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचा, बोटांवर तेल चोळून बघायचा आणि कमी असेल तर वर घालायचा. सकाळी मला सुरू करून कधी लगेच बंद करायचा नाही, पुरतं गरम होऊ द्यायचा. आम्ही मिरजेला जायचो, इस्लामपूरला जायचो, महामार्गाला लागून साताऱ्यापर्यंत जायचो. माझा आवाज ऐकून टपरीवरची माणसं चहाचा ग्लास हातात तसाच ठेवून रस्त्यावर यायची. कौतुक कुणाला नको असतं? मलाही हवंच होतं.

साताऱ्याकडे जायचं मोठं कारण म्हणजे जयराज. भरतेशचा कॉलेजातला मित्र. कराडला दोघं एका खोलीत राहिलेले. जयराजचा कोरेगावच्या बाजूला ऊस होता, आल्याचं शेत होतं, दारात ट्रॅक्टर होता. उंचपुरा, गडगडाटी हसणारा, आणि शब्दाला जागणारा. हे शेवटचं मी उगीच म्हणत नाही. त्याने ते दाखवून दिलं होतं.

एका पावसाळ्यात कृष्णा चढली. भरतेश मला घरी ठेवून कामासाठी पुण्याला गेलेला, मागे महामार्ग बंद झाला, आणि इकडे गल्लीत पाणी शिरायला लागलं. घरात अण्णा आणि गुणमालाबाई दोघंच. जयराजला कळलं तसा तो मिळेल त्या गाडीने विट्यावरून, तासगाववरून वाट काढत सांगलीत आला. पाणी माझ्या चाकांना लागलं होतं. त्याने अण्णांना पाठीवर घेऊन आणलं, पुढच्या सीटवर बसवलं, गुणमालाबाईंना मागच्या एवढ्याशा जागेत कसंबसं कोंबलं आणि मला पाण्यातून बाहेर काढलं. त्याने याआधी मला कधी चालवलं नव्हतं. तरी मी एकदाही अडले नाही. त्या दोघांना त्याने आपल्या घरी ठेवून घेतलं, पूर ओसरेपर्यंत. त्याची बायको रेश्मा रोज सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण करून द्यायची, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते आहे. जयराज वाईट माणूस होता असं मला म्हणायचं नाही. तसा असता तर मला इतकं लागलं नसतं.

पुढे भरतेशला पुन्हा जपानला बोलावणं आलं, दोन-एक वर्षांसाठी. गावभागात मला ठेवायची सोय नव्हती, पुन्हा पूर आला तर काय. जयराजचं गाव उंचावर. म्हणून भरतेशने मला त्याच्या दारात आणून उभं केलं, माझ्या तेलाचे डबे त्याच्या लोखंडी कपाटात रचून ठेवले, आणि सगळं समजावून सांगितलं. तेल कमी होणार, घाबरायचं नाही. पेट्रोल भरलं की तेल बघायचं. आणि तेल हेच, दुसरं कुठलंही नाही.

जयराजने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "भरत्या, ही गाडी न्हाई, माझी भैन हाय समज. भैनीला कुनी उपाशी ठेवतं व्हय?"

भरतेश निर्धास्त गेला. मीही निर्धास्त राहिले. मला एवढंच हवं होतं, की तो परत येईल तेव्हा मी त्याच्या हाताखाली पहिल्यासारखी सुरू व्हावी. बाकी काही मी मागितलं नव्हतं.

काही महिने जयराजने शब्द पाळला. अगदी भरतेशसारखा बॉनेट उघडायचा, पट्टी काढायचा, तेल घालायचा. पण तिथेच माती खाल्ली. कारण भरतेश ते शहरातल्या पेट्रोलपंपावर करायचा, आणि जयराज ते चावडीसमोर करायचा. या गावात घरोघरी ट्रॅक्टर आहेत, पंप आहेत, जुन्या जीपा आहेत. इथे इंजिनाने तेल खाल्लं म्हणजे इंजिन संपलं. तेल खाणारा ट्रॅक्टर गुपचूप विकतात आणि घेणाऱ्याला ते सांगत नाहीत. जयराजने तेलाचा डबा बाहेर काढला की पोरं ओरडायची, "जयराव, काम निघालं जनू." त्याने सुरुवातीला समजावून पाहिलं. हे इंजिन वेगळं हाय, हे तेल खातंच, असं सांगितलं. लोक आणखी हसले. आपला दोष झाकायला माणूस असंच बोलतो, असं त्यांना वाटलं.

हसणं त्याला सोसेना. डबा बाहेर काढायच्या आधी तो इकडे तिकडे बघू लागला. मग पेट्रोल भरतानाही बॉनेट उघडेनासा झाला. मला वाटलं, लाजतो आहे बिचारा, होईल सवय.

मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या घरची रीत आणखी थोडी मोठी होती. त्या दिवशी घरातलं प्रत्येक यंत्र धुवायचं, त्याचं जुनं तेल काढायचं, झेंडूची माळ घालायची आणि सगळ्यांना एकाच बॅरलमधलं नवं तेल पाजायचं. पूजा करायचा मान जयराजच्या चुलत्यांचा, आप्पासोंचा. आप्पासो लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेले. इंजिनाबद्दल त्यांचा शब्द म्हणजे गावात शेवटचा शब्द. ते खोटारडे नव्हते, आडमुठे होते. ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, जीप, मोटारसायकल अशी सगळी रांग अंगणात लागली आणि रांगेच्या शेवटी मी. अंगणात भाऊबंद जमलेले. प्रत्येकाच्या इंजिनात बॅरलचं तेल ओतत ओतत आप्पासो माझ्यापाशी आले.

जयराज हळूच म्हणाला, की हिचं तेल वेगळं असतं. भाऊबंदांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, पाहुणीला तूप वाढा.

आप्पासो हसले नाहीत. त्यांनी हातातलं मापटं खाली ठेवलं. "आपल्या दारात पंक्तिभेद कवा झाला न्हाई, जयराज. ट्रॅक्टरला एक आन् हिला एक, आसं वाढायचं आसंल तर पूजा तुजी तू कर. आन् घट्ट तेल पडलं की हिचं खायबी बंद हुतंय का न्हाई बघ."

मित्रांनो, पंक्तिभेद न करणं किती मोठी गोष्ट आहे. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला सारखं वाढायचं, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. या रिवाजाने कितीतरी माणसांचा मान राखला आहे. पण दारी आलेल्या जैन पाहुण्यांसाठी याच घराने कांदा-लसूण बाजूला ठेवला होता की नाही? तो पंक्तिभेद नव्हता. ती माया होती. आप्पासोंना हे कुणी सांगायला हवं होतं.

सांगितलं ते रेश्माने. पदर सावरत ती पुढे आली. "आवं, भरतेश भावजींनी डबं ठिवल्यात की कपाटात. त्येच घाला."

जयराजने तिच्याकडे बघितलं. मग भाऊबंदांकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. भरतेशने त्याला पणत्यांची हकीकतसुद्धा सांगितली होती. एका वाक्याने काम झालं असतं. आप्पासो रुसले असते, चार दिवस बोलले नसते, बस्स. पण चार माणसांत हसू होण्यापेक्षा त्याला माझा गळा दाबणं सोपं वाटलं. तो रेश्माला म्हणाला, "तू आत जा." आणि आप्पासोंनी खाली ठेवलेलं मापटं उचलून त्याने स्वतः ट्रॅक्टरचं तेल माझ्यात ओतलं.

परक्याने ओतलं असतं तर मी अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण हा तर मला बहीण म्हणालेला. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर कुंकू, आणि पोटात ते जाड तेल. मी तिथे उभी होते आणि मला ओरडता येत नव्हतं. त्या दिवसाचा मला आजही राग येतो.

चार दिवसांनी भरतेशचा व्हिडिओ कॉल आला. जयराज शेडमध्येच होता. भरतेशला मला बघायचं होतं. जयराजने मोबाइल माझ्याकडे वळवला, मग परत स्वतःकडे. भरतेशने विचारलं, "ऑइल बघायलायस न्हवं?"

"तुजंच घालतोय की," जयराज म्हणाला. "काळजी करू नगंस."

एक हात माझ्या टपावर ठेवून तो हे बोलला. मला वाटलं, आता फोन ठेवला की लाज वाटेल त्याला, ते तेल काढून टाकेल. त्याने मोबाइल खिशात घातला आणि उसाला पाणी सोडायला निघून गेला.

घट्ट तेलाने खाणं बंद होईल, असं आप्पासोंचं म्हणणं होतं. झालं भलतंच. पंप आपला तेल सोडतच होता, सील आपली जाळतच होती, फक्त आता तेल बघायचंच बंद झालं. चावडीसमोर बॉनेट उघडायला नको, म्हणून जयराज खूश. तेलाचा लाल दिवा लागला की शेडच्या आडोशाला बॅरलमधलं मापटंभर ओतायचा. राख साठत गेली. सकाळी सुरू व्हायला मला वेळ लागू लागला. चढावर दम लागू लागला. माझा आवाज बदलला, तोही कुणी ऐकला नाही. रेश्माने ऐकला असावा. एकदा माझ्यात बसताना ती म्हणाली, की ही पहिल्यागत बोलत न्हाई. जयराजने गाण्याचा आवाज मोठा केला.

पुढच्या माघात जयराजच्या चुलतभावाचा, वीरधवलचा साखरपुडा शिरवळला ठरला. नवरदेवाला लाल गाडीतून मिरवायचं होतं. जाताना बोगद्यातून कशीबशी गेले. येताना मात्र साताऱ्याकडच्या खंडाळ्याचा घाट चढायचा होता, कारण बोगदा फक्त जाणाऱ्यांसाठी. जयराजच्या शेजारी वीरधवल फेटा सांभाळत बसलेला. मी जीव तोडून ओढलं, मित्रांनो. आतल्या सील एकेक करून अडकत होत्या आणि तरी मी ओढत होते, कारण मला अजून वाटत होतं की भरतेश येईपर्यंत टिकायला हवं. निम्मा घाट चढले असेन. मग आत काहीतरी तुटलं, तुकडा रोटरबरोबर फिरला, आणि सगळं थांबलं. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्नचा गिल्ला केला.

मला ट्रकवर चढवून गावात आणलं. आप्पासोंनी बॉनेट उघडून आत डोकावून बघितलं आणि निकाल दिला, की जपानी माल, दिसायला गोड, कामाला फोल. अंगणातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. जयराजनेही हलवली. रेश्मा भांडी घासत होती. तिने वर बघितलं नाही.

आणि मग भरतेश येणार असल्याचा निरोप आला.

तो यायच्या आदल्या दिवशी दुपारी जयराज शेडमध्ये आला. हातात माझ्या तेलाचे उरलेले डबे. कपाटात राहून त्यांच्यावर धूळ बसली होती, एकाचंही झाकण फोडलेलं नव्हतं. क्षणभर मला आशा वाटली. म्हटलं, उशिरा का होईना, सुचलं. त्याने एकेक झाकण फोडलं आणि माझ्यासमोर, माझ्या शेजारच्या ट्रॅक्टरमध्ये ते तेल ओतलं. जे मावलं नाही ते बॅरलमध्ये. ते साधं, स्वच्छ जळणारं तेल. गच्चीवर उन्हात बसून माझ्यासाठी शोधलेलं. रिकामे डबे त्याने माझ्या पुढच्या चाकाशी मांडून ठेवले, येणाऱ्याला दिसतील असे.

रेश्मा दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आसं नगा करू."

"मैतरकी तुटंल माजी," जयराज म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. "तुला काय कळतंय."

मित्रांनो, तेव्हाही मी पुरती खचले नव्हते. मला वाटायचं, हे सगळं भरतेशसमोर टिकणार नाही. तो आला की बॉनेट उघडेल आणि त्याला कळेल. जयराजला काही शिक्षा व्हावी असं मला वाटत नव्हतं. फक्त कुणीतरी एकदा म्हणावं, की हिचा दोष नव्हता. हिला नको ते खाऊ घातलं. एवढं ऐकलं असतं तर मी पुढची वर्षं या शेडमध्ये आनंदाने काढली असती.

भरतेश आला. थोडा जाडा झाला होता, कानाशी पांढरं दिसत होतं. येताच त्याने जयराजला मिठी मारली, आप्पासोंच्या पाया पडला, रेश्माच्या हातचं पाणी प्याला. मग माझ्याकडे आला. चाकाशी मांडलेल्या रिकाम्या डब्यांकडे त्याने बघितलं. जयराज घाईघाईने म्हणाला, की तुजंच तेल घातलं बघ, येक थेंब दुसरा न्हाई, पन घाटात काय झालं कुनाला ठावं.

भरतेशने बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तिच्या टोकाला काळं, दाट, खरखरीत काहीतरी चिकटलं होतं. त्याने ते दोन बोटांत घेतलं आणि चोळलं. मग नाकाशी नेलं. आणि मग शेजारच्या ट्रॅक्टरकडे बघितलं.

त्याला कळलं. मी त्याच्या हाताखाली इतकी वर्षं काढली आहेत, त्याचा हात कधी थांबतो ते मला ठाऊक आहे. त्याला त्याच क्षणी सगळं कळलं.

जयराज त्याच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. आप्पासो काठी टेकून उभे होते. दारात रेश्मा. भरतेशने जयराजकडे बघितलं, बराच वेळ. पाण्यातून आपल्या बापाला पाठीवर घेऊन येणारा माणूस त्याला दिसला असेल. माणसाचं ओझं मला कळतं. दिलेला शब्द आणि फेडायचे उपकार, दोन्ही त्याच्या एकाच खांद्यावर होते.

त्याने खिशातून रुमाल काढला, बोटं स्वच्छ पुसली आणि म्हणाला, "तुजी काय चूक न्हाई, जयराज. गाडीच म्हातारी झालती. मीच तुज्या गळ्यात मारून गेलतो."

जयराज मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. भरतेशने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आप्पासो म्हणाले, मी सांगतच हुतो. सगळी जेवायला घरात गेली. त्या दिवशीही कांदा-लसूण बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी भरतेश सांगलीला परत गेला, जयराजच्या नव्या गाडीतून. जाण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने माझ्यावर ताडपत्री टाकली, चारी कोपरे नीट बांधले. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मित्रांनो, जयराजने माझा घात केला तो लाजेपोटी. आप्पासोंनी केला तो हेक्याने. त्या दोघांनी दिलेलं दुःख मी कधीतरी विसरेन. पण भरतेशला माझा आहार ठाऊक होता. माझ्या बाजूने बोलू शकणारा या जगात तो एकटा होता. त्याने मैत्री वाचवली आणि तिची किंमत माझ्या नावावर टाकली. तो चांगलं वागला, असंच सगळे म्हणतील. कदाचित तसं असेलही. मला मात्र ते पटत नाही.

तुमच्या घरात सायकल असेल, पंप असेल, शिलाई यंत्र असेल, गोठ्यात जनावर असेल. त्याला काय लागतं ते त्याच्याकडे बघून ठरवा, शेजारच्याकडे बघून नको. सगळ्यांना सारखं देणं चांगलंच आहे, पण ज्याला जे पचतं ते देणं त्याहून चांगलं. आणि चूक झालीच तर ती चूक म्हणा. ज्याला तोंड नाही त्याच्यावर ढकलू नका, कारण ते 'नाही' म्हणू शकत नाही.

आता दसरा जवळ आला की शेडमध्ये नवी माणसं येतात. कुणीतरी ताडपत्री वर करून विचारतं, की एवढी देखणी गाडी अशी का पडली आहे. जयराज सांगतो, की मुळातच इंजिन खराब होतं, जपानी माल. समोरच्याला खरं वाटत नाही असं दिसलं, की तो पुढे म्हणतो, "आवं, खुद्द मालकच म्हणाला तसं, हितं उभा ऱ्हाऊन." मग समोरच्याला पटतं, आणि तो ताडपत्री पुन्हा खाली सोडतो.